गौरव आणि पंक्ती : गिरगावातील ख्रिस्ती आचाराचे एक प्रकरण

गिरगावाचा इतिहास लिहिणारांनी तेथील देवळे, वाड्या, छापखाने व पाठशाळा ह्यांचा परामर्श बहुधा घेतला आहे. त्याच गिरगावात एकोणिसाव्या शतकात मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती मंडळींपुढे एक प्रश्न उभा राहिला होता. तो मात्र धर्मांतराच्या वादांखाली दडपून गेला आहे. देवाचे गौरव करणे ह्याचा रोजच्या जगण्यात अर्थ काय, हा तो प्रश्न. आठवड्यातून एकदा मंदिरात स्तोत्र गाइले म्हणजे गौरव झाले, की स्वयंपाकघरात, पंक्तीत, पाण्याच्या घागरीपाशी आणि शेजाऱ्याशी वागतानाही ते व्हावयाचे असते? प्रस्तुत लेखक ख्रिस्ती नाही. संस्कृत शिकविण्यात त्याचे आयुष्य गेले आहे. तेव्हा ह्या प्रश्नाचा निवाडा करण्याचा त्याचा अधिकार नाही. परंतु गिरगावात त्याची उत्तरे कोणी कोणत्या रीतीने दिली, हे पाहणे इतिहासाच्या कक्षेत येते. तेवढेच येथे योजिले आहे.

(१) शब्दविचार

प्रथम शब्द पाहू. आजच्या मराठी बायबलात ह्या अर्थी ‘गौरव’ हा शब्द रूढ आहे. ‘गुरु’ म्हणजे जड. त्याचा भाव ते गौरव. म्हणजे मूळ अर्थ वजन, आणि त्यावरून मान, प्रतिष्ठा. आता मौजेची गोष्ट अशी की, जुन्या करारातील हिब्रू भाषेत ह्या जागी जो ‘कावोद’ शब्द येतो, त्याच्याही धातूचा अर्थ जड असणे हाच आहे. ग्रीक ‘डोक्सा’ शब्दाची वाट निराळी. त्याचा मूळ अर्थ मत किंवा लौकिक. त्यावरून तो कीर्ती व तेज ह्या अर्थांवर आला. म्हणजे नव्या करारातील ग्रीक शब्दाहून आपला संस्कृत शब्द मूळ हिब्रू कल्पनेला अधिक जवळचा आहे. ज्या कोणी भाषांतरकाराने तो प्रथम योजिला, त्याने हे जाणून केले असो वा नसो, निवड मार्मिक आहे.

ह्यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. गौरव करणे म्हणजे केवळ वाखाणणे नव्हे. ‘स्तुति’ हा शब्द त्याकरिता आहे. गौरव करणे म्हणजे तराजूच्या एका पारड्यात देवास घालून त्याचे वजन मान्य करणे. दुसऱ्या पारड्यात जे काही असेल, मग ते जात असो, लाज असो, लोकापवाद असो वा स्वतःची आवड असो, त्याहून हे पारडे जड ठरते की नाही, ह्याची परीक्षा मंदिरात होत नाही. ती व्यवहारात होते.

(२) वाक्याचा प्रसंग

दैनंदिन आचाराविषयी ख्रिस्ती लोक ज्या वचनाचा आधार घेतात, ते पौलाने करिंथ येथील मंडळीस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या दहाव्या अध्यायात आहे. हे पत्र इ. स. ५५ च्या सुमाराचे समजतात. खाणे, पिणे किंवा अन्य जे काही कराल ते देवाच्या गौरवार्थ करा, असा त्याचा आशय. मराठी वाचकास येथे भगवद्गीतेच्या नवव्या अध्यायातील सत्ताविसावा श्लोक आठवल्यावाचून राहणार नाही. करणे, खाणे, हवन, दान व तप हे सर्व मला अर्पण कर, असे भगवंत तेथे सांगतात. दोन्ही ठिकाणी खाण्याचा उल्लेख आरंभीच आहे, हे साम्य लक्षणीय आहे.

परंतु प्रसंग निराळे आहेत. गीतेतील श्लोकाचा विषय समर्पण हा आहे. कर्ता आणि भगवंत ह्या दोघांमधील तो व्यवहार होय. पौलाच्या वाक्यात तिसरा मनुष्य उभा आहे. करिंथच्या बाजारात मूर्तींस अर्पण केलेले मांस विकत मिळे. ते खावे की नाही, असा वाद पडला होता. मूर्ती काहीच नाही हे ज्यास कळले, त्यास ते खाण्यास हरकत नाही, असे पौल म्हणतो. मात्र ज्याची सदसद्विवेकबुद्धी त्यामुळे दुखावेल असा मनुष्य शेजारी बसला असेल, तर त्याच्यासाठी ते वर्ज्य करावे, असेही तो लागलीच सांगतो. गौरवाच्या वाक्याला लागूनच कोणासही अडखळण होऊ नका असा उपदेश येतो. सारांश, ज्या वाक्यावर पुढे मोठमोठी प्रवचने झाली, ते मुळात पंक्तीच्या तंट्यातून निघालेले आहे. आणि देवाचे गौरव म्हणजे शेजाऱ्याच्या मनाचे वजन ओळखणे, हा त्याचा इत्यर्थ आहे. हा प्रसंग ध्यानात ठेवला म्हणजे गिरगावातील वृत्तान्त नीट उलगडतो.

(३) गिरगावातील दोन प्रकारचे ख्रिस्ती

मुंबईत ख्रिस्ती लोक इंग्रजांबरोबर आले, अशी समजूत पुष्कळांची असते. ती बरोबर नाही. पोर्तुगीज अमदानीत बाप्तिस्मा घेतलेले, मराठीचीच एक बोली बोलणारे, शेती व मासेमारी करणारे लोक येथे होतेच. दादरचे पोर्तुगीज चर्च मूळचे १५९६ चे. माझगाव येथे सतराव्या शतकात उभारलेल्या मंदिरास तर ‘ग्लोरिया’ हेच नाव होते, म्हणजे गौरवमाता. ते पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी भायखळ्यास नव्याने बांधले गेले. ह्या लोकांनी १८८७ मध्ये ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतले. खोताच्या वाडीत त्यांची लाकडी सज्जांची घरे आजही पाहावयास मिळतात. १८९६ च्या प्लेगानंतर मुंबईत ठिकठिकाणी गल्लीच्या तोंडाशी क्रूस उभे राहिले. त्यांपाशी जाता-येता मेणबत्ती व फुले ठेवणे हा ह्या मंडळींचा नित्य आचार. सगळी वस्तीच एका पंक्तीची असल्यामुळे करिंथचा प्रश्न त्यांस विशेष पडला नाही.

तो पडला नव्या ख्रिस्ती मंडळींस. अमेरिकन मिशनचे गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईस उतरले. त्या मिशनने १८२६ मध्ये मराठी नवा करार छापून पुरा केला. स्कॉटिश मिशनचे जॉन विल्सन १८२९ मध्ये आले, आणि १८३२ मध्ये त्यांनी काढलेली शाळा पुढे गिरगावातील आंब्रोळी येथे नावारूपास आली. तीच आजच्या विल्सन कॉलेजाचे मूळ होय. अमेरिकन मिशनच्या छापखान्याविषयी ह्या त्रैमासिकाच्या वाचकांस फार सांगावयास नको. तेथे काम शिकलेल्या गणपत कृष्णाजींनी मराठी पंचांग छापले, आणि तेथेच टॉमस ग्रॅहॅम ह्यांच्या हाताखाली तयार झालेल्या जावजी दादाजींनी पुढे निर्णयसागर उभारला. प्रस्तुत लेखकाने रघुवंश वाचला तो आजोबांच्या संग्रहातील निर्णयसागरी प्रतीवर. ज्या हातांनी शुभवर्तमानाचे खिळे जुळविले, त्यांच्याच विद्येतून कालिदास छापून निघाला. नित्याचे काम चोख करणे हेही देवाचे गौरव असे जर ख्रिस्ती मंडळी म्हणत असतील, तर त्या गौरवाचा वाटा आम्हां संस्कृतज्ञांच्या पदरी अनायासे पडला, हे कृतज्ञतेने नमूद केले पाहिजे.

(४) शेषाद्रि प्रकरण आणि परमहंस सभा

शाळा व छापखाना ह्यांत हिंदू व ख्रिस्ती एकत्र बसत. पंक्तीत मात्र बसत नसत. १८४३ मध्ये नारायण शेषाद्रि ह्या ब्राह्मण तरुणाने बाप्तिस्मा घेतला. त्याचा अल्पवयीन भाऊ श्रीपत हाही मिशनऱ्यांच्या घरी जाऊन राहिला. बापाने न्यायालयात दाद मागितली व मुलाचा ताबा त्यास मिळाला. परंतु मुलगा घरी आला तो ब्राह्मण राहून आला की नाही? त्याचा बाप्तिस्मा झालेला नव्हता. दोष होता तो एवढाच की त्याने मिशनऱ्यांकडे राहून तेथील अन्न ग्रहण केले होते. बाळशास्त्री जांभेकरांनी त्यास प्रायश्चित्त देऊन शुद्ध करून घ्यावे असा पक्ष घेतला. कर्मठ मंडळींनी त्यास कडवा विरोध केला, आणि ह्या वादाने मुंबईतील ब्राह्मणसमाजात दोन तट पडले. ध्यानात घेण्याजोगे हे की, श्रीपतने कोणते मत स्वीकारले ह्याची चौकशी गौण ठरली. कोणाच्या ताटात जेवला, एवढ्यावर सारा खटला उभा राहिला.

ह्याचा दुसरा परिणाम असा झाला की, खाणे हीच मतांतराची खूण बनली. दादोबा पांडुरंग प्रभृतींनी १८४९ च्या सुमारास स्थापिलेल्या परमहंस सभेत प्रवेश करणारास ख्रिस्ती मनुष्याने भाजलेला पाव खावा लागे. सभेचे लोक ख्रिस्ती नव्हते. जातिभेद मोडावा व एका ईश्वरास भजावे, एवढाच त्यांचा हेतू. तरीही सभा गुप्त होती. १८६० मध्ये तिचे कागद चोरीस जाऊन सभासदांची नावे उघड होतील अशी भीती पसरली, आणि सभा मोडली. तराजूच्या भाषेत सांगावयाचे तर दार लावून खाल्लेल्या पावाचे वजन लोकापवादाच्या वजनापुढे टिकले नाही.

ह्या सभेत जाणाऱ्यांपैकीच एक बाबा पदमनजी. त्यांचा जन्म १८३१ मध्ये बेळगावी झाला. १८५४ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ‘यमुनापर्यटन’ (१८५७) व ‘अरुणोदय’ (१८८८) हे त्यांचे ग्रंथ प्रसिद्धच आहेत. ‘अरुणोदय’ वाचताना हे जाणवते की, मताचा निश्चय होण्यास जितका काळ लागला, त्याहून घर व पंक्ती सोडण्याचे दुःख अधिक खोल होते. उघडपणे खाणारास घर सुटले. लपून खाणाराची सभा सुटली. देवाचे गौरव करावयाचे तर आप्तांचे ताट मोडलेच पाहिजे काय, हा प्रश्न तसाच राहिला. त्यास निराळे उत्तर देण्याचा यत्न झाला तो चाळीस वर्षांनी, चौपाटीजवळ.

(५) शारदा सदनाची चूल

पंडिता रमाबाईंचा जन्म १८५८ चा. कलकत्त्यास १८७८ मध्ये त्यांच्या संस्कृत व्युत्पत्तीवरून ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ ह्या पदव्या त्यांस मिळाल्या. १८८३ मध्ये इंग्लंडातील वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तेथील धर्मभगिनींशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला, तो महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७७ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात खाण्याचा विषय पुनःपुन्हा येतो. ख्रिस्ती झाल्यावरही रमाबाईंनी शाकाहार सोडला नाही. अंडे घातलेले पक्वान्नही त्या घेत नसत. सिस्टर जेराल्डीन ह्यांस त्यात जुन्या जातीचा अभिमान दिसला. रमाबाईंनी तो आरोप निमूटपणे मान्य केला नाही. ख्रिस्तास शरण जाणे म्हणजे इंग्रजांच्या ताटास शरण जाणे नव्हे, असा त्यांच्या उत्तरांचा रोख आहे. करिंथचा प्रश्न येथे उलटा होऊन आला आहे, हे वाचकांच्या ध्यानी येईल. तेथे खाण्याचे स्वातंत्र्य कोणाच्या तरी मनासाठी आवरावयाचे होते. येथे न खाण्याचे स्वातंत्र्य राखावयाचे होते.

पुढे अमेरिकेत त्यांनी हिंदू विधवांसाठी साह्य मिळविले. बॉस्टन येथे १८८७ च्या डिसेंबरात त्यांच्या नावाची सभा स्थापन झाली. तिने दहा वर्षे खर्च देण्याचे पत्करले. शाळेत कोणत्याही पंथाचे शिक्षण दिले जाऊ नये, ही अट होती. ११ मार्च १८८९ रोजी गिरगाव चौपाटीजवळ शारदा सदन उघडले. सदनात येणाऱ्या विधवांस आपापला आचार पाळण्याची मोकळीक होती. सोवळे-ओवळे सांभाळून स्वयंपाकाची व्यवस्था होई. कोणावर प्रार्थनेस येण्याची सक्ती नव्हती.

ह्या व्यवस्थेचे मोल नीट ओळखले पाहिजे. चालविणारी बाई स्वतः जात मानीत नव्हती. जातीमुळे विधवांचे काय हाल होतात, हे तिने १८८७ च्या इंग्रजी ग्रंथात जगापुढे मांडले होते. तरी आश्रयास आलेल्या मुलीची चूल तिने राखली. मिशनऱ्यांच्या घरी जेवल्याने श्रीपतचे घर गेले. रमाबाईंच्या घरी राहूनही मुलीचे घर जाऊ नये, अशी ही तजवीज होती. देवाच्या गौरवासाठी शेजाऱ्याच्या मनाचे वजन ओळखावे, हे पौलाचे सूत्र गिरगावात इतक्या उघड रीतीने चुलीवर उतरल्याचे दुसरे उदाहरण प्रस्तुत लेखकास ठाऊक नाही.

त्याचे फळही दिसले. नरहरपंत जोशी ह्यांनी आपली बालविधवा बहीण गोदूबाई हिला सदनात आणून घातले. सदनातील ती पहिली विधवा विद्यार्थिनी. ती हिंदूच राहिली. १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे ह्यांच्याशी तिचा पुनर्विवाह झाला, तो ११ मार्च रोजी, म्हणजे सदनाच्या वर्धापनदिनीच. आनंदीबाई किंवा बाया कर्वे ह्या नावाने ती पुढे ओळखली गेली, व तिच्या आठवणी ‘माझे पुराण’ ह्या नावाने १९४४ मध्ये प्रसिद्ध झाल्या. कर्व्यांचा आश्रम व १९१६ चे महिला विद्यापीठ ह्यांच्या पूर्वपीठिकेत चौपाटीची ती चूल आहे, हे विसरता येत नाही.

(६) उघडे दार

परंतु प्रकरण येथेच संपत नाही. १८९० मध्ये सदन पुण्यास गेले आणि वाद पेटला. रमाबाई आपली कन्या मनोरमा हिच्यासह आपल्या खोलीत प्रार्थना करीत, आणि खोलीचे दार उघडे असे. मुली येऊन बसू लागल्या. आपण कोणास बोलाविले नाही, परंतु येणारीस हाकलणार नाही, आणि दारही लावणार नाही, अशी रमाबाईंची भूमिका होती. ‘केसरी’ने टीका केली. १८९३ मध्ये रानडे व भांडारकर ह्यांच्यासारख्या हितचिंतकांनी सल्लागार मंडळाचा राजीनामा दिला, आणि पालकांनी आपल्या मुली काढून नेल्या.

ह्या वादात एका बाजूस केवळ दुराग्रह व दुसऱ्या बाजूस केवळ कपट पाहण्याची चाल पडली आहे. दोन्ही बाजूंचे लिखाण वाचता तसे म्हणवत नाही. पालकांचे म्हणणे असे की, आश्रित मुलीचे मन आश्रयदात्रीकडे ओढले जाणारच; तेव्हा उघडे दार हेच एक आमंत्रण झाले, आणि आम्ही मुली दिल्या त्या तटस्थतेच्या वचनावर. चाळीस वर्षे वर्गात उभे राहिल्यावर प्रस्तुत लेखकास हे म्हणणे खोटे म्हणवत नाही. शिक्षक काय सांगतो ह्याकडे मुले क्वचितच लक्ष देतात; तो काय करतो ते मात्र टिपून घेतात. दुसऱ्या पक्षी, रमाबाईंनी दार लावून प्रार्थना केली असती तर ती परमहंस सभाच झाली असती. जे नित्य करावयाचे ते लपून करणे म्हणजे त्याचे वजन नाकारणे होय.

म्हणजे पौलाच्या सूत्राने ताटाचा तंटा मिटला, पण दाराचा मिटला नाही. दुसऱ्याचे मन दुखवू नये म्हणून आपण ताटातील पदार्थ सोडू शकतो. आपले असणे सोडू शकत नाही. श्रद्धा नित्याच्या आचरणात दिसू लागली की ती कोणास तरी ओढणार व कोणास तरी बोचणार. ह्यास रमाबाईंपाशी तोड नव्हती, रानड्यांपाशीही नव्हती. ती कोणापाशी होती असे इतिहास सांगत नाही. रमाबाईंनी पुढे केडगाव येथे मुक्तिसदन उभारले, ते उघडपणे ख्रिस्ती म्हणूनच.

(७) एका घरातील दोन आचार

ह्याच सुमारास, १८९५ च्या फेब्रुवारीत, नारायण वामन टिळकांनी मुंबईस बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षे त्यांच्यापासून दूर होत्या. ‘स्मृतिचित्रे’ ह्या ग्रंथात त्यांनी पुढील वृत्तान्त दिला आहे. ख्रिस्ती पतीबरोबर राहू लागल्यावरही प्रथम त्यांनी आपले सोवळे सांभाळले, आणि जेव्हा सोडले तेव्हा आपल्याच विचाराने सोडले. १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. टिळकांच्या अंगी उतावीळपणा पुष्कळ होता, हे त्याच ग्रंथावरून दिसते. तरी पत्नीच्या मनाची वाट त्यांनी पाहिली. टिळकांची स्तोत्रे मराठी ख्रिस्ती घरांत आजही म्हटली जातात. परंतु देवाचे गौरव त्यांनी कोठे अधिक केले, स्तोत्रांत की त्या वाट पाहण्यात, असा प्रश्न कोणी केला तर उत्तर देणे सोपे नाही.

(८) उपसंहार

शेवटी पुन्हा शब्दाकडे येऊ. वैयाकरण व नैयायिक ह्यांच्या परिभाषेत गौरव हा दोष आणि लाघव हा गुण आहे; थोडक्यात होणारी गोष्ट विस्ताराने करू नये. रमाबाईंनी आयुष्याची अखेरची वर्षे हिब्रू व ग्रीक मुळांवरून बायबलचे मराठी भाषांतर करण्यात घालविली. १९२२ च्या एप्रिलात त्यांचा अंत झाला. भाषांतर १९२४ मध्ये पूर्ण ग्रंथरूपाने बाहेर पडले. ते मुक्तिसदनातच छापले गेले, आणि खिळे जुळविण्यापासूनची कामे आश्रमातील स्त्रियांनी केली. ज्या बाईस संस्कृतच्या विद्वत्तेवरून पदवी मिळाली होती, तिने येथे बुद्ध्या जड संस्कृत शब्द टाळून अल्पशिक्षित बायकांस कळेल अशी साधी भाषा स्वीकारली. पंडितास आपले पांडित्य टाकणे हे अन्न टाकण्याहून कठीण असते. ते त्यांनी शेजारी बसलेल्या अशिक्षित बाईसाठी टाकले. चौपाटीची चूल आणि केडगावचे भाषांतर ह्यांच्या मुळाशी एकच वृत्ती आहे : शब्दाचे लाघव पत्करून देवाचे गौरव करणे.

आता वाचकांस एक विनंती. आपण सनदा, महजर, बखरी व पोथ्या जतन करतो, हे योग्यच आहे. परंतु आचाराचा इतिहास अशा कागदांत सापडत नाही. तो सापडतो वाणसामानाच्या याद्यांत, घरगुती पत्रांत, आश्रमांच्या वार्षिक अहवालांत आणि कुटुंबातील प्रार्थनेच्या पुस्तकांच्या कोऱ्या पानांवर केलेल्या टिपणांत. गिरगावातील जुनी घरे झपाट्याने पडत आहेत व त्यांबरोबर हे कागद रद्दीत जात आहेत. ज्यांच्या संग्रही असे काही असेल, मग ते हिंदू घरातील असो वा ख्रिस्ती, त्यांनी ते मंडळाकडे नकलेसाठी द्यावे. कोणाच्या घरी कोणती चूल कोणासाठी राखली होती, हे कळल्यावाचून त्या काळी कोणत्या वस्तूस किती वजन होते, हे आपणांस नेमके सांगता येणार नाही.